शाळेच्या स्पर्धेत पहिला आलेला मुलगा पुढे मोठा धावपटू होईल का? हे ओळखायचं कसं?

ऑगस्ट 2019 मध्ये एक व्हिडिओ देशभर फिरला होता. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातला एक तरुण रस्त्यावर अनवाणी पळतो आणि 100 मीटर अंतर 11 सेकंदांत पार करतो, असा दावा त्यात होता. तेव्हाचे केंद्रीय क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी दखल घेतली आणि त्याला भोपाळच्या मैदानावर चाचणीसाठी बोलावलं. प्रशिक्षण घेतलेल्या धावपटूंसोबत तो पळाला आणि शेवटचा आला.

त्यात त्याची चूक नव्हती. एका व्हिडिओवरून खेळाडू पारखायला निघालेल्यांची घाई होती.

हीच घाई गावोगावी होते. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. शालेय मैदानी स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागातल्या आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभागाकडून वेगळ्या होतात. एखादा मुलगा किंवा मुलगी तालुक्यात पहिली आली, की फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो: पोराला ॲकॅडमीत टाकायचं का? शाळा बदलायची का? गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट पुणे गाठायचं का?

14-15 वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातला हा मोठा निर्णय असतो. तो फक्त पहिल्या नंबरावर घ्यावा का? आणि नंबर सोडून बघायचं तरी काय?

आधी अमेरिकेतलं एक उदाहरण

अमेरिकेत शाळेतला खेळाडू पारखणं हा मोठा धंदा आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. चेंडू कुणाकडे फेकायचा, हे काही सेकंदांत तोच ठरवतो. शाळेत शिकणाऱ्या क्वार्टरबॅकला कॉलेजमध्ये घेण्यासाठी प्रशिक्षक गावोगाव फिरतात, व्हिडिओ तपासतात. काही संस्था या मुलांना हॉटेलसारखे दोन, तीन, चार, पाच स्टार देतात.

इतकं करूनही अंदाज चुकतात. जॉश ॲलनला शाळा संपताना वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने बोलावलं नव्हतं. तो आधी एका लहान कॉलेजात खेळला, मग वायोमिंग विद्यापीठात गेला आणि आज तो तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या बड्या खेळाडूंपैकी आहे. टॉम ब्रेडी तर कॉलेज संपवून आला होता. तरीही 2000 साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा त्याचा क्रमांक 199 वा लागला. पुढे त्याने सात वेळा विजेतेपद मिळवलं.

एवढा पैसा आणि माणसं लावूनही हे घडतं, मग तालुक्याच्या मैदानावर एका सकाळच्या निकालाने भविष्य कसं ठरणार? पण म्हणून काहीच ओळखता येत नाही असंही नाही. पाच गोष्टी नीट पाहिल्या तर अंदाज बराच सुधारतो.

1. मुलगा मोठा आहे की फक्त आधी मोठा झाला आहे?

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे असतात आणि जन्मतारखेची रेघ 1 जानेवारीला ओढलेली असते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात पळतात. दोघांत जवळजवळ एक वर्षाचा फरक असतो, आणि तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खूप झालं.

कॅनडात 1985 साली रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा होता. कारण साधं होतं. मोठी मुलं निवडली गेली, त्यांना जास्त सराव मिळाला आणि फरक वाढत गेला.

जन्मतारखेपेक्षाही मोठा फरक शरीराच्या वाढीचा असतो. मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या वर्षाच्या आसपास. पण कुणाचं हे दोन वर्षं आधी होतं, कुणाचं दोन वर्षं उशिरा. मिसरूड फुटलेला मुलगा किरकोळ अंगाच्या मुलांना मागे टाकतो, तेव्हा ते कौशल्यच असेल असं नाही. बाकीच्यांची वाढ झाली की तो फरक पुसला जाऊ शकतो.

मुलींच्या बाबतीत उलटं घडतं. वयात येताना शरीर बदलतं आणि एक-दोन वर्षं वेळ सुधारत नाही, कधी वाढतेही. नेमक्या याच टप्प्यावर "हिचं आता संपलं" असं म्हणून तिला घरी बसवलं जातं. खरं तर तेव्हा तिला थोडा धीर, लोहयुक्त आहार आणि हिमोग्लोबिनची तपासणी हवी असते.

काय करायचं? दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहायची. उंची अजून भराभर वाढत असेल, तर पक्कं मत बनवायची घाई नको. आणि जन्मतारीख खरी आहे ना, हेही तपासायचं. शाळेत नाव घालताना 1 जून लिहून टाकायची जुनी पद्धत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वय कमी लावून मिळवलेलं पदक मोठ्या गटात कामाला येत नाही.

2. वेळ किती, यापेक्षा ती किती सरावावर आली?

समजा, 800 मीटरच्या शर्यतीत एका मुलाने 2 मिनिटं 6 सेकंद घेतले आणि दुसऱ्याने 2 मिनिटं 13 सेकंद. निकालपत्रावर पहिला सरस. पण पहिला तीन वर्षांपासून रोज प्रशिक्षकाकडे पळतो, आणि दुसऱ्याने रोवणी संपल्यावर दोन महिने, तेही शाळेच्या मैदानावर, मनाने सराव केला. आता कोण सरस?

जाणकार प्रशिक्षक दुसऱ्याला सहा महिने व्यवस्थित सराव देऊन पाहील. तो 2:13 वरून 2:06 वर आला आणि पहिला 2:06 वरून 2:05 वरच पोहोचला, तर उत्तर मिळालं. खेळाडूची पारख करताना एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकडा कोणत्या वेगाने सुधारतोय, हे जास्त बोलतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हे याचं ठळक उदाहरण. शाळकरी वयात तो देशाचा गाजलेला धावपटू नव्हता. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी केल्यानंतर, विशी ओलांडताना तो सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धांकडे वळला. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 29.80 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंद. सहा वर्षांत जवळपास 20 सेकंद कमी! चौदाव्या वर्षीच्या एका चाचणीत हे दिसलं असतं का?

3. घड्याळ आणि मैदान कुठलं होतं?

हातातल्या स्टॉपवॉचची वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळापेक्षा कमी भरते, कारण बंदुकीचा आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत उशीर होतो. 100 मीटरमध्ये हा फरक साधारण 0.24 सेकंद धरतात. म्हणजे हातघड्याळावरचे 12 सेकंद खरे तर 12.24 असतात. रस्त्यावर पावलांनी मोजलेलं अंतर, उतार, मागून येणारा वारा यांनी वेळ आणखी फसवी होते. म्हणून मोजलेल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी वेळ घ्यावी.

आणखी एक तुलना बघा. गोंदियात पहाटे रस्त्यावर पळणारी बरीच मुलं पोलिस भरतीची तयारी करत असतात. भरतीत पुरुषांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत पळालं की पूर्ण 20 गुण मिळतात. हा वेग किलोमीटरला सुमारे 3 मिनिटं 14 सेकंद होतो. साबळेचा वेग, तोही अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडून, किलोमीटरला सुमारे 2 मिनिटं 43 सेकंद आहे. भरतीत पूर्ण गुण घेणं ही चांगलीच कामगिरी आहे, पण ती वेगळी परीक्षा आहे.

4. त्याचा खेळ हाच आहे का?

सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. मग ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि त्यानंतर स्टीपलचेसकडे गेली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली.

हा योगायोग नाही. जर्मन संशोधक आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्या खेळाडूंच्या तुलनेत जागतिक पातळीवर पोहोचलेले खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळले होते, त्यांनी आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती.

त्यामुळे बाराव्या वर्षी "हा 100 मीटरवालाच" असा शिक्का नको. कबड्डी, खो-खो, लांब उडी, सगळं खेळू द्यावं.

5. तब्येत तपासली का? विशेषतः सिकलसेल

आपल्या भागात हा मुद्दा टाळून चालत नाही. पूर्व विदर्भातल्या अनेक समाजांमध्ये सिकलसेल आढळतो. रुग्ण असणं आणि वाहक असणं यात फरक आहे. वाहकाला एरवी काही त्रास नसतो आणि तो खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, विश्रांतीशिवाय अतिश्रम झाले तर वाहकही कोसळू शकतो.

अमेरिकेने हा धडा फार महागात शिकला. 2006 मध्ये टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा 19 वर्षांचा फुटबॉलपटू सरावानंतर दगावला. तो सिकलसेलचा वाहक होता. त्यानंतर 2010 पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेज खेळाडूंसाठी सिकलसेल चाचणी नियमात आली. वाहक निघालेल्यांना संघाबाहेर काढण्यासाठी ती नाही. त्यांचा सराव सांभाळून घेता यावा म्हणून आहे.

भारतात सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला शहडोलमधून सुरू झाली आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. मुलाला सरावाला पाठवण्याआधी ती करून घ्या, आणि निकाल प्रशिक्षकाला सांगा. वाहक मुलाने पाणी पित राहायचं, सराव हळूहळू वाढवायचा, आणि दम कोंडला किंवा पाय आखडले तर लगेच थांबायचं. "नाटक करतो" म्हणून त्याला पळवत राहणं जिवावर बेतू शकतं. मुलगा रुग्ण असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुठलाच कठोर सराव नको.

मग ॲकॅडमीत पाठवायचं की नाही?

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेशाआधी उंची, वजन, 30 मीटर आणि 800 मीटर धावणं, उभ्याने लांब उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता अशा चाचण्या होतात. एका शर्यतीपेक्षा हा रस्ता बरा, कारण त्यात शरीराच्या अनेक बाजू दिसतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याच प्रबोधिनीतून पुढे आला. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला 6.28 लाख रुपयांपर्यंत खर्च होतो. त्यातले महिन्याला 10 हजार रुपये त्याच्या हातखर्चासाठी असतात.

खासगी ॲकॅडमीवाले "पोरगं नॅशनल मारेल" असं पहिल्याच दिवशी सांगत असतील, तर चार प्रश्न विचारा. प्रशिक्षकाची पात्रता काय? शाळा कुठे आणि हजेरी कशी? दुखापत झाली तर खर्च कोण करतं? मागच्या तीन वर्षांत किती मुलं मध्येच सोडून गेली, आणि ती आता काय करतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा भिंतीवरच्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठराविक स्पर्धांमधली कामगिरी लागते आणि त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. दहावी-बारावी सोडून खेळ धरला, तर खेळातून मिळू शकणारी नोकरीही हातची जाते.

म्हणून तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलाबद्दल आजच कायमचा निर्णय घेऊ नका. वर्षभर शाळेजवळच नीट सराव द्या. दर तीन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच घड्याळाने वेळ घ्या. सोबत उंची, सरावाचे दिवस आणि दुखणी लिहून ठेवा. वर्ष संपल्यावर ती वही आणि मुलगा, दोघांनाही चांगल्या प्रशिक्षकासमोर बसवा. आणि पहाटे न उठवता तो आपणहून उठून बूट बांधतो का, हेही त्या वर्षभरात बघून ठेवा.