दिव्याला टोपी, काचेला कागद

७ मे २०२५ च्या संध्याकाळी भोपाळमध्ये ब्लॅकआउटची, म्हणजे हवाई हल्ल्याच्या धोक्यात दिवे मालवण्याची, रंगीत तालीम झाली. तिथल्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्याशेजारच्या अवधपुरीसारख्या वस्तीत आज अशा वेळी खरी अडचण इन्व्हर्टरची. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर इमानेइतबारे घर उजळून टाकतो! त्यामुळे आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात ही कटकट नव्हती. मुंबईत खिडक्यांच्या काचांवर काळे किंवा खाकी कागद खळीने चिकटवले जात, मोटारींच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला जाई. घरात दिवा लावायचाच तर त्याला कागदाची टोपी. जाड कागदाचा शंकू होल्डरला दोऱ्याने बांधायचा, म्हणजे उजेड भिंतींवर न पसरता खाली जमिनीवर ताटाएवढ्या वर्तुळात पडे. कागद बल्बला टेकू द्यायचा नाही, नाहीतर करपायचा. झिरोचा बल्बही चाले. नाव झिरो असलं तरी तो १२ ते १५ वॅट वीज खात असे.

निळा कागद लावला की भागलं, हा समज मात्र अर्धवट. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मंद निळा उजेड तांबड्यापेक्षा लवकर जाणवतो. त्यामुळे रंग कोणताही असो, फट बुजवणं महत्त्वाचं. दाराखालची फट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिथे जुनी चादर गुंडाळून लावावी.