पाटाकडेची ‘छत्री’ म्हणजे लव्हाळा नव्हे



आधी माझी चूक सांगतो. मागच्या पावसाळ्यात एरंगळच्या एका सभासदांनी विहिरीच्या पाटाकडेच्या तणाचा फोटो पाठवला. मी मोबाईलवरच बघून कळवलं, “लव्हाळा आहे, कापून टाका.” त्यांनी कापलं, शेंडे पाटातच पडले. काही आठवड्यांनी पाटात जागोजागी नवी रोपं! जाऊन बघितलं, तर लव्हाळा नव्हताच.

ते छत्री गवत होतं. नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळतं ना, तेच. पाम वगैरे काही नाही, लव्हाळ्याचाच भाऊबंद, पण मूळचा आफ्रिकेचा. शोभेसाठी आणलं आणि हौदातून ओढ्या-नाल्यात उतरलं. मढ-मार्वेला बंगले किती आणि त्यांच्या बागेचा कचरा कुठं पडतो, ते तुम्हाला मी काय सांगू!

ओळखायचं कसं? दांड्याच्या टोकाला बघा. छत्रीच्या काड्यांसारखी 12 ते 25 लांब पानं गोल पसरलेली असतात. लव्हाळ्याला तिथं दोन-चार पानंच. छत्री कमरेच्या वर जाते, लव्हाळा गुडघ्याच्या आसपास. लव्हाळ्याला बुडाशी भरपूर पाती असतात, छत्रीच्या बुडाला नुसती तपकिरी खोळ. तरीही शंका असेल तर उपटा. लव्हाळ्याच्या मुळांना काळपट गाठी लागतात, चुरडल्या की नागरमोथ्याचा वास येतो. छत्रीला गाठी नाहीत, जाड खोडासारखा गड्डा असतो.

फरक महत्त्वाचा, कारण छत्रीचा शेंडा पाण्यात पडला की त्याच्या बेचक्यातून मुळं-कोंब फुटतात. म्हणून कोयत्याने छाटून पाण्यात सोडू नका. कुदळीने गड्ड्यासकट खणा, शेंडे वेगळे गोळा करून पाण्यापासून लांब, कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसात वाळणार नाहीत, तेव्हा हे काम उघडीप बघून किंवा उन्हाळ्यात पाट आटल्यावर करा. बी पण पडतं, त्यामुळे तुरे पिकायच्या आत.

दुकानातून क्विझालोफॉप आणून मारू नका. ते गवतावर चालतं, या दोन्हींवर नाही. आणि पाटात कुठलंच तणनाशक नको, तेच पाणी पालकाला जातं.

फोटो पाठवताना आता तीन पाठवा: शेंडा, बुडखा आणि उपटलेलं मूळ. एका फोटोवर मी सांगणार नाही.