गोधडीला न चालणारे कपडे आणि वेणीचे बसकर



घटस्थापना तोंडावर आली की आपल्या बारामती-इंदापूर भागात घरोघरचे अंथरूण-पांघरूण धुवायला निघते. गोधड्या, वाकळा, चादरी उन्हात पडतात आणि त्याच वेळी ट्रंका-कपाटेही रिकामी होतात. मागे राहतो जुन्या कपड्यांचा ढीग. लुगडी, सुती साड्या, धोतरे गोधडीसाठी बाजूला निघतात. बऱ्यापैकी पँटी आणि साड्या बोहारणीला देऊन एखादे पातेले पदरात पडते. पण भोके पडलेले टी-शर्ट आणि बनियन गोधडीलाही चालत नाहीत आणि बोहारीणही घेत नाही. त्यांची रवानगी मग पाण्याच्या बंबात, उकिरड्यावर, नाहीतर चारीच्या कडेला. चारीतून वाहत जाऊन ते मोरीच्या तोंडाशी अडकले की काय होते, हे रात्रीच्या पाळीला भिजवायला गेलेल्या माणसालाच विचारावे.

या कपड्यांचा उपयोग होतो आणि तो सुईपेक्षा हाताच्या वेणीने चांगला होतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

गोधडीला हे कापड का चालत नाही?

लुगडे किंवा धोतर हे विणलेले कापड. त्यात उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना धरून असतात, म्हणून ते ताणत नाही. असे चार-पाच थर एकावर एक घालून धावदोरा टाकला की गोधडी वर्षानुवर्षे टिकते. बंगालचा कांथा काय किंवा कर्नाटकातली कौदी काय, सगळ्यांचे गणित हेच.

टी-शर्ट आणि बनियन यांचे कापड मात्र स्वेटरसारखे फाशाफाशांचे असते. ओढले की ताणते, सोडले की आखडते. त्यावर धावदोरा घातला तर कापडाला चुण्या पडतात, आणि कापड ताणले की दोरा तुटतो. पूर्वी घरात धोतर-लुगडी जास्त होती. आता पोराटोरांच्या अंगावर टी-शर्टच जास्त. म्हणजे ढीग वाढला आणि गोधडीचा माल कमी झाला.

पण गोधडी बिघडवणारा हा ताणच वेणीला उपयोगी पडतो. टी-शर्टची पट्टी कापून दोन्ही हातांनी ओढून बघा. तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि दोरीसारखी गोल पट्टी तयार होते. कापलेली कड दिसत नाही, सुतेही निघत नाहीत. आणि वेणी ही नुसत्या पिळलेल्या दोरीसारखी सुटत नाही. चऱ्हाटाचे टोक मोकळे सोडले तर पीळ उलगडतो, वेणीचे पदर एकमेकांना अडवून धरतात.

कापड ओळखणे

सुती माल घ्यावा. शंका आली तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. पॉलिस्टर पाणी नीट शोषत नाही, आणि पेटले तर वितळून कातडीला चिकटते. म्हणून तसले बसकर पाय पुसायला कुचकामी आणि चुलीजवळ धोक्याचे. हेच कापड बंबात जाळले तर त्याचा धूर घरच्या माणसांच्याच छातीत जातो, हेही ध्यानात ठेवावे.

पट्ट्या काढणे

टी-शर्ट धुऊन सपाट अंथरावा. काखेच्या खाली सरळ आडवा काप घ्यावा आणि खालची दुमड काढून टाकावी. राहिली ती कापडाची नळी. तिच्या एका कडेपासून तिरका काप घेऊन दीड इंच, म्हणजे साधारण दोन बोटे रुंदीने गोल गोल कापत जावे, संत्र्याची साल एकसंध काढतो तसे. घेर चाळीस इंच आणि उंची सोळा इंच असेल, तर दहा वेढ्यांत जवळजवळ ३३ फुटांची एकच पट्टी मिळते. बाजूला जाड शिवण असेल तर तेवढी कापून टाकावी. बाह्यांच्या आखूड पट्ट्याही जोडता येतात.

जोडायला सुई लागत नाही. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाजवळ छोटे काज पाडावे. जुन्या पट्टीचे टोक नव्या पट्टीच्या काजातून काढावे, मग नव्या पट्टीचे दुसरे टोक जुनीच्या काजातून ओढून घ्यावे. गाठ बसते आणि फुगत नाही. मात्र तिन्ही पदरांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. पदर पाच-सहा फुटांचेच ठेवून पुढे जोडत जावे, नाहीतर सगळा गुंता होतो.

वेणी आणि बसकर

पोरीची तीन पेडी वेणी घालता येते, त्याला हे वेगळे शिकवायला नको. सुरुवातीचे टोक खिळ्याला किंवा खाटेच्या पायाला बांधावे आणि सारख्या ताणाने वेणी घालावी. एक इंच रुंदीची वेणी येते.

तीन फूट लांब, दोन फूट रुंद असे लंबगोल बसकर धरू. लांबीतून रुंदी वजा केली की मधल्या सरळ भागाची लांबी मिळते, म्हणजे इथे एक फूट. तेवढी वेणी सरळ ठेवून पुढची तिच्याभोवती गुंडाळत न्यावी. अशा बसकराला सुमारे ६२ फूट वेणी लागते. वेणीत पदर आखडतो, म्हणून प्रत्येक पदर ८५ ते ९० फूट धरावा. तीन पदरांचे मिळून २६० फूट झाले, म्हणजे मोठ्या माणसाचे आठ टी-शर्ट.

वेढे एकमेकांना जोडायला दाभण आणि जाड सुती दोरा घ्यावा. पोते शिवताना धरतो तसे दाभण धरून दोन्ही वेण्यांच्या फाशांतून दोरा ओढावा. वळणावर मात्र काळजी घ्यावी. बाहेरच्या वेढ्याचा रस्ता लांब असतो, म्हणून तिथे आतला एक फासा आणि बाहेरचे दोन असे धरावे. बाहेरची वेणी ओढून बसवली तर बसकर टोपल्यासारखे उचलते. फार सैल सोडली तर कडेला लाटा येतात. दर दोन वेढ्यांनी ते जमिनीवर ठेवून बघावे आणि बिघडले असेल तर तेवढेच उसवावे.

घसरण्याची काळजी

सारवलेल्या भुईवर अंथरूण सरकत नसे. आता घरोघर गुळगुळीत फरशी आली. तिच्यावर पाय पडून बसकर सरकले तर म्हाताऱ्या माणसाचे कमरेचे हाड मोडायला वेळ लागत नाही, आणि त्या वयात तो माणूस पुन्हा हिंडता-फिरता होईलच असे नाही. म्हणून खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चार-पाच ठिकाणी दाभणाने टाचाव्यात. रबर फरशी धरून ठेवते. खताच्या प्लॅस्टिक गोणीचे अस्तर कधीही लावू नये, ते उलट जास्त घसरते. जिन्याच्या पायरीवर बसकर ठेवू नये. उचललेली कड म्हणजे ठेच, तेव्हा कड सपाट हवी.

धुतल्यावर ते दोरीवर टांगू नये, ओल्या वजनाने ताणून आकार जातो. बाजेवर सपाट टाकून कडक उन्हात वाळवावे.

हे विकता येईल का?

असे कोणी विचारील. जुन्या कपड्यांवर मोठे धंदे चालतात हे खरे. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते, पण त्याच पानिपतात जुने कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे होतात. अमेरिकेच्या ईशान्य भागातील शेतकरी कुटुंबे एकोणिसाव्या शतकात जुन्या लोकरी कपड्यांच्या वेण्या घालून अशीच बसकरे करीत. पण एका बसकरामागे कित्येक दुपारी जातात. त्या श्रमांचा दाम यंत्रावरच्या स्वस्त मालापुढे सहसा मिळत नाही. बचत गटाने आधी घरापुरते करावे, चार लोक मागायला लागले तर पुढचा विचार करावा.

यंदा कपड्यांच्या ढिगातून आठ सुती टी-शर्ट बाजूला काढून ठेवा. ऊस तुटून गेला आणि दुपारी थोडी सवड मिळाली की पहिले बसकर करा, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बिछान्यापाशी टाका. रबराच्या पट्ट्या लावायला मात्र विसरू नका.