तंबाखूचा धूर व आपलीं मुलें

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. पौषांत सकाळीं शाळेच्या वाटेवर लहान मुलें बोटांत काडी धरून तोंडांतून वाफ सोडतात व "विडी ओढतों" म्हणून हंसतात. खेळ निरुपद्रवी खरा. पण तो त्यांस शिकविला कोणीं?

प्रथम समाधानाची गोष्ट सांगतों. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी पाहणींत २००९ सालीं शेंकडा १४.६ मुलें तंबाखू सेवन करणारीं आढळलीं. २०१९ सालीं हें प्रमाण ८.५ वर आलें. तथापि पन्नासांच्या वर्गांत अजून चौघे उरतातच. शिवाय आपल्या प्रांतीं धूर हें अर्धेंच संकट होय. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३.८ धूम्रपान करणारे, तर २४.४ तंबाखू चघळणारे वा मशेरी लावणारे निघाले.

ही सवय जडते कशी? धुरांतील निकोटीन कांहीं सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोंचतें व क्षणभर हुशारी वाटते. ती ओसरली कीं मन पुन्हां तेंच मागतें. कोंवळ्या वयांत मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. म्हणून ही बेडी मुलांस लवकर पडते व उशिरां सुटते. विडी सौम्य असते, हा समजही खोटा आहे. टेंभुर्णीच्या पानाची विडी विझूं नये म्हणून ती वारंवार व जोरानें ओढावी लागते.

२००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें, तसेंच शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकणें, हा गुन्हा ठरविला आहे. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशीं थबकतो. एकदां आमच्या वर्गांतील मुलाच्या खिशांत विड्यांचें बंडल सांपडलें. आम्ही रागें भरलों. तो रडत म्हणाला, "सर, हें बाबांचें आहे. त्यांनींच आणावयास सांगितलें." आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. वडिलांस बोलाविलें, तेव्हां ते बराच वेळ खालीं मान घालून बसले. पुढें त्यांनीं दोनदां विडी सोडली व दोनदां पुन्हां धरली. तिसऱ्या खेपेस मात्र ती सुटली.

पालकहो, व्यसन सोडणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. १८००-११-२३५६ या क्रमांकावर त्यासाठीं विनामूल्य सल्ला मिळतो. निदान मुलास दुकानीं धाडूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, मित्रानें आग्रह केला तर "नको" एवढा एकच शब्द पुरे. थंडींत तुमच्या तोंडांतून निघते ती वाफ, वाफच राहो.