उलुंदीनंतरही न संपलेलं युद्ध

मुंबईतलं फ्लोरा फाउंटन मूळ ज्याच्या सन्मानार्थ उभं राहिलं, त्या सर बार्टल फ्रियरच्या खात्यावर आफ्रिकेतलं एक युद्धही जमा आहे. हा गृहस्थ आधी साताऱ्याचा रेसिडेंट, मग मुंबईचा गव्हर्नर आणि १८७७ पासून दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर. ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेला नदीकाठी त्याच्या वतीने झुलू राजा सेत्श्वायोच्या माणसांना अटी ऐकवल्या गेल्या : सैन्यव्यवस्था मोडा, राज्यात ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घ्या. मुदत तीस दिवस. राजा नाहीच म्हणेल अशा बेताने त्या घातल्या होत्या. युद्धाला लंडनचा होकारही नव्हता.

२२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाला झुलूंनी इंग्रजांची छावणी कापून काढली, तेराशेच्या आसपास माणसं पडली. मार्चअखेर कंबुलाला पारडं फिरलं. त्यानंतर खरा प्रश्न सेनापती लॉर्ड चेम्सफर्डच्या अब्रूचा उरला. त्याच्या जागी नेमलेला वूल्झली नाताळ प्रांतात येऊन दाखल झाला होता. तो आघाडीवर पोचायच्या आत विजय हवा होता.

सेत्श्वायोला तह हवा होता. जुलैच्या सुरुवातीला त्याने शाही कळपातले पांढरे बैल इंग्रजांकडे धाडले. व्हाइट उम्फोलोझी नदीवर त्याच्याच उखांडेम्पेम्वू पलटणीच्या तरुणांनी ते अडवून माघारी हाकलले.

४ जुलैला सकाळी चेम्सफर्डची पाच हजारांची फौज नदी उतरली आणि उलुंदीच्या मैदानात पोकळ चौकोन करून उभी राहिली. खंदक नाही, गाड्यांचा कोट नाही. उघड्यावर झुलूंना हरवून दाखवायचं होतं. गॅटलिंग बंदुका मध्येच अडकत होत्या, तरी मार्टिनी-हेन्री रायफलींच्या माऱ्यापुढे झुलूंना चौकोनाला भिडता आलं नाही. एका कोपऱ्याशी ते तीस-एक यार्डांवर आले, तिथेच पडले. मग चौकोन उघडून १७व्या लान्सर्सचे भालाईत सुटले. पाऊण तासाच्या आत सगळं आटोपलं. इंग्रजांचे डझनभर मेले, झुलूंचे हजाराहून जास्त. राजधानी ओन्दिनी पेटवून दिली गेली.

इतिहासाची पुस्तकं इथे ‘शेवटची लढाई’ असं लिहून पान उलटतात. मला ते पटत नाही. उलुंदीने सैन्य पांगवलं. राज्य मोडलं ते वूल्झलीच्या वाटणीने. त्याने मुलखाचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले, राजाला पकडून केपटाउनला पाठवलं. १८८३ मध्ये राजाला परत आणलं, तोवर त्या तेरा सरदारांपैकी झिभेभू बळावला होता. त्याच वर्षी जुलैत त्याने राजाच्या नव्या ओन्दिनीवर झडप घातली. राज्यातले जुनेजाणते सरदार त्यात मारले गेले. कित्येकांना वयामुळे पळताच आलं नाही. जखमी सेत्श्वायो एशोवेला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि फेब्रुवारी १८८४ मध्ये तिथेच वारला. १८८७ मध्ये उरलेला मुलूख खालसा झाला. पुढच्याच वर्षी सेत्श्वायोचा मुलगा डिनुझुलू इंग्रजांविरुद्ध उठला. त्याची रवानगी सेंट हेलेनाला झाली.