मैदानावरील शिक्षकाची परीक्षा

खेळ हा शिकवावा लागतो काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपणांपैकी पुष्कळांस त्याचे नवल वाटेल. मूल पडते, गुडघे फोडून घेते, चार मुलांत मिसळते आणि आपोआप खेळू लागते, अशी आपली समजूत असते. आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटसारख्या गावात शिवाशिवी किंवा लपंडाव शिकवायला कोणी शिक्षक नेमलेला नसतो. परंतु खेळता येणे आणि चांगले खेळता येणे यांत बरेच अंतर आहे. जी मुले अंगानेच चपळ असतात ती हे अंतर कशीबशी ओलांडतात. उरलेली मुले मात्र शिक्षकाच्या हाती असतात. तो शिक्षक मैदानावर काय करतो, काय बोलतो आणि वेळ कसा खर्च करतो, याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शंभर वर्षांत झाला आहे. त्यातून निघालेल्या कित्येक गोष्टी आपल्या रूढ समजुतींच्या अगदी उलट आहेत.

उदाहरणासाठी मी खो-खो घेतो, कारण तो आपल्या जिल्ह्याचा खेळ आहे. धाराशिवच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या, सारिका काळे यांनी 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि संघाने सुवर्णपदक मिळवले. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या आपल्याच तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. त्यांना घडवणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव हेही याच जिल्ह्यातले. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताकडे आली. या खेळाला साहित्य असे काही लागतच नाही. दोन खांब रोवावे, फक्कीने रेघा आखाव्या, की मैदान तयार! जिथे रॅकेट नाही, जाळी नाही, चेंडूदेखील नाही, तिथे पैशाच्या कमतरतेवर फारसे बोट ठेवता येत नाही. सारी मदार शिकवण्यावर येऊन पडते.

शिकवण्याचा विचार आपल्याकडे झालाच नाही असे नव्हे. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच साली अमरावतीला वैद्य बंधूंचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि पुढे तेथून शिक्षकांच्या पिढ्या बाहेर पडल्या. कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे सरकारी विद्यालय निघाले. बडोद्याच्या द. चिं. मजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड मराठीत सिद्ध केले. 1961 साली पतियाळाला प्रशिक्षक तयार करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या साऱ्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांचा भर मुख्यतः काय शिकवावे यावर होता: कोणता डाव, कोणती कसरत, कोणता नियम. कसे शिकवावे हे ज्याला खेळ येतो त्याला येणारच, असे धरून चालण्याची आपली रीत होती.

आधी वेळेचाच हिशेब पाहू. अमेरिकेतील ओहायो येथे डॅरिल सीडेनटॉप आणि त्यांचे सहकारी घड्याळ घेऊन व्यायामाच्या तासाला बसले. शिक्षक काय शिकवतो हे त्यांनी पाहिले नाही. एखादे मूल हेरून ते प्रत्यक्ष किती वेळ हालचाल करते एवढेच मोजले. रांगेत उभे राहणे, सूचना ऐकणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे यांतच तासाचा मोठा भाग जातो असे दिसून आले.

आपण आपल्या खो-खोच्या तासाला हेच गणित लावू. अठ्ठेचाळीस मुले, चाळीस मिनिटे आणि एक मैदान. आठ मुले पाटीवर बसलेली, एक धरणारा आणि तीन पळणारे. म्हणजे कोणत्याही क्षणी खरोखर धावणारी मुले चारच. चार मुले चाळीस मिनिटे धावली, तर एकूण एकशेसाठ मिनिटे झाली. ती अठ्ठेचाळीस जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे वीस सेकंद येतात. हजेरी आणि रांग यांचा वेळ यातून आणखी वजा करायचा आहे. शिवाय ही वाटणी समान कधीच होत नाही. चपळ मुले पुन्हा पुन्हा मैदानात उतरतात आणि कडेला बसलेली मुलगी बेल होईपर्यंत कडेलाच राहते.

आता तेच मैदान आठ लहान भागांत वाटा. प्रत्येक भागात चौघांनी बसावे, एकाने धरावे, एकाने पळावे. सर्व अठ्ठेचाळीस मुले खेळात आली आणि एका वेळी सोळाजण धावू लागले. प्रत्येकाच्या वाट्याला तेरा मिनिटे वीस सेकंद! गावाने एक पैसाही खर्च केला नाही, आणि सराव चौपट झाला. आठ ठिकाणी एका शिक्षकाने लक्ष कसे द्यावे, अशी शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. प्रारंभी गोंधळ होणारच. परंतु आपल्या तालमीत याचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. आखाड्यात एका वेळी तीन-चार जोडी लढत असतात, थोराड पैलवान लहानग्याला खेळवतो आणि वस्ताद कडेने फिरत असतो. आपल्या शाळांनी कवायतीची रांग उचलली आणि तालमीची जोड सोडून दिली, हे माझ्या मते काही चांगले झाले नाही.

वेळेनंतर शब्द. 1932 साली ट्रोब्रिज आणि केसन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. डोळे बांधलेल्या माणसांना तीन इंचांची रेघ शंभर वेळा काढायला सांगितली. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर एखादे निरर्थक अक्षर ऐकवले. तिसऱ्याला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच सांगितले. आणि चौथ्याला रेघ किती लांब किंवा किती आखूड पडली ते नेमके सांगितले. चौथा गट सर्वांत पुढे गेला आणि तिसराही सुधारला. पहिले दोन गट शंभर रेघा ओढूनही जिथल्या तिथेच राहिले. सरावाने माणूस तरबेज होतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण परिणाम न कळता केलेला सराव म्हणजे बैलाने घाण्याभोवती घातलेले फेरे होत.

मैदानावर आपण जे ओरडतो ते या चारांपैकी कोणत्या गटात बसते, हे ज्याने त्याने पाहावे. ‘अरे पळ, पळ!’ हे जवळजवळ निरर्थक अक्षरच आहे. ‘शाब्बास’ आणि ‘गाढवा’ हे तिसऱ्या गटातले. ‘हात पाठीला लागण्याआधीच तू खो म्हणालास’ हे चौथ्या गटातले. या वाक्यात मुलाला दुरुस्त करता येण्याजोगे काहीतरी हाती लागते.

मग प्रत्येक चुकीनंतर असे सांगत सुटावे काय? तेही नव्हे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी 1990 साली दाखवले, की प्रत्येक प्रयत्नानंतर परिणाम सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच वेळा सांगितलेल्यांना दुसऱ्या दिवशी ते काम अधिक चांगले आठवले. एकसारखे सांगणारा माणूस जवळ असला की शिकणारा स्वतःच्या अंगाची खूण ओळखण्याचे सोडून देतो. त्यातही प्रारंभी अधिक सांगावे आणि हळूहळू कमी करीत न्यावे, ही त्यांच्या प्रयोगातली रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उत्तम प्रशिक्षक प्रत्यक्षात काय बोलतो, हेही मोजून झाले आहे. जॉन वूडन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक. बारा वर्षांत दहा वेळा त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 1974-75 च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पंधरा सरावांना बसून दोन हजारांवर बोलण्या-करण्याची नोंद केली. लांबलचक उपदेश त्यांना आढळला नाही. स्तुती शेकडा सात भागांच्या आत होती. सुमारे तीन चतुर्थांश बोलणे म्हणजे काय करावे आणि कसे करावे याची लहान, नेमकी वाक्ये होती. एवढा थोर प्रशिक्षक फार मोठी व्याख्याने देत असेल अशी आपली कल्पना असते. (व्याख्यानमालेत उभे राहून हे सांगताना मलाही थोडे अवघड वाटते!)

सरावाच्या क्रमाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण आधी साखळी पळतीच्या वीस फेऱ्या घेतो, मग हुलकावण्या वीस, मग खांबावरचे सूर वीस. मूल विसाव्या फेरीला सफाईने पळते आणि आपले समाधान होते. 1986 साली गुड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवख्या विद्यार्थिनींना तीन आठवडे शिकवल्या. काहींनी एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला; काहींनी तिन्ही सरमिसळ केले. नंतरच्या परीक्षेत, आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करावयास लावले तेव्हाही, सरमिसळ करणाऱ्या मुली सरस ठरल्या. कारण उघड आहे. सामन्यात लागोपाठ वीस हुलकावण्या कोणी मागत नाही. समोर कोणते तोंड करून गडी बसला आहे, धरणाऱ्याने दिशा घेतली की नाही, हे पाहून क्षणात निवड करावी लागते. मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. प्रयोगशाळेबाहेर, विशेषतः लहान मुलांत, त्याचा लाभ पुष्कळ कमी दिसला आहे. अगदी नवख्याला आधी एकच गोष्ट थोडी बसू द्यावी, हे जुन्या शिक्षकांचे म्हणणे टाकाऊ नाही.

1982 साली इंग्लंडमधील लफबरो येथील बंकर आणि थॉर्प यांनी याहून पुढे जाऊन सुचवले, की सुटी कौशल्ये घोटून घेण्याआधी मुलांना खेळाचे लहानसे रूप खेळू द्यावे आणि ‘येथे काय करावे?’ हा प्रश्न त्यांना पडू द्यावा. वरच्या आठ लहान मैदानांत हे आपोआपच साधते.

शेवटी वागणुकीविषयी. सिअ‍ॅटल येथील स्मिथ आणि स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचे निरीक्षण केले. मग काही प्रशिक्षकांना थोड्या तासांचे शिक्षण दिले: चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, शिक्षा टाळा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, असे शिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांची शेकडा 26 मुले पुढल्या हंगामात खेळ सोडून गेली. शिक्षण घेतलेल्यांची केवळ 5. दोन्हींकडच्या संघांच्या जय-पराजयात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. ती मुले अमेरिकेतली, खेळ वेगळा. आकडे जसेच्या तसे येथे लागू होतील असे मी म्हणणार नाही. परंतु आठवी-नववीनंतर आपल्या मैदानावरून मुली दिसेनाशा होतात, तेव्हा घरचे काम, अंतर, लाज ही कारणे सांगताना मैदानावर त्यांच्याशी कोण कसे बोलले हेही विचारले पाहिजे.

हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. एखाद्या पालकाने किंवा दुसऱ्या शिक्षकाने वही घेऊन कडेला बसावे, एक मूल निवडून ते किती मिनिटे धावले ते टिपावे आणि शिक्षकाचे प्रत्येक वाक्य नेमकी सूचना, स्तुती, रागावणे किंवा नुसता आरडाओरडा यांपैकी कोणत्या रकान्यात बसते त्याची खूण करावी. मग मुलांनाही विचारावे. सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकांना आपण मुलांशी कसे वागतो हे विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे निरीक्षकांच्या नोंदींशी फारशी जुळली नाहीत. मुलांची पुष्कळ अधिक जुळली.