हिरव्या पेटीची वाट

इंग्लंडमधल्या बहुतेक रस्त्यांवर, फुटपाथच्या कडेला, कुंपणाला पाठ लावून गडद हिरवी लोखंडी कपाटं उभी असतात. कुत्री तिथे हमखास थांबतात, शाळेतली पोरं वर चढून बसतात, बाकी कुणाचं लक्ष जात नाही. २०१३-१४मध्ये मात्र आमच्या गावात या कपाटांइतकी चर्चा दुसऱ्या कशाचीच नव्हती. मी थेम्सच्या खोऱ्यातल्या एका लहान गावच्या वाचनालयात काम करते. काउंटी कौन्सिलची ब्रॉडबँडबद्दलची पत्रकं काउंटरवर मांडायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे "आमच्या रस्त्याची पेटी कधी येणार?" हा प्रश्न लोक मलाच विचारत. जणू कुदळ घेऊन मीच निघणार होते.

पेटी मलाही हवीच होती. आई वाईला, मी इकडे. रविवारी सकाळी स्काइप लावलं की सुरुवात बरी व्हायची, मग आईचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा आणि आवाज चेहऱ्याला मागे टाकून पुढे निघून जायचा. वरच्या खोलीत मुलाने कॉलेजचा प्रकल्प पाठवायला घेतला की खाली आई गडप. आमच्या लाइनचा वेग सेकंदाला दोन मेगाबिटलाही पोचत नव्हता. तक्रार केली की पलीकडून अतिशय नम्रपणे सांगायचे, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

राउटरचा यात काही दोष नव्हता. हे मला पहिल्यांदा नीट समजावलं आमच्या एका वाचकाने. आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेले निवृत्त इंजिनिअर. आगगाड्यांवरची पुस्तकं न्यायला यायचे. त्यांनी एका चिठ्ठीच्या पाठीवर आकृती काढली. घरातून निघालेली तांब्याच्या दोन तारांची जोडी खांबावर जाते, खांबावरून जमिनीखाली, तिथून रस्त्यावरच्या हिरव्या कपाटात. कपाटात शेकडो घरांच्या जोड्या एकत्र येतात आणि जाड केबलमधून टेलिफोन एक्स्चेंजला पोचतात. हे सगळं माणसाचा आवाज वाहून न्यायला बांधलेलं. त्याच तारांवरून इंटरनेट पाठवायचं तर खूप वरच्या पट्टीतले संकेत वापरावे लागतात, आणि लांब तारेत तेच आधी विरतात. लांबून येणाऱ्या वरातीतला ढोल आधी ऐकू येतो, सनई ऐकायला जवळ जावं लागतं, तसंच हे. त्या वेळच्या एडीएसएल-टू-प्लस तंत्राने कागदावर २४ मेगाबिट मिळायला हवे होते. ते एक्स्चेंजच्या शेजाऱ्यांना. आमचं घर तारेच्या वळशांनी मोजलं तर चार-पाच किलोमीटर लांब. आमच्यापर्यंत ढोलच येत होता.

यावर काढलेली तोड अशी: एक्स्चेंजपासून प्रकाशतंतूंची केबल, म्हणजे फायबर, गल्लीपर्यंत आणायची. जुन्या कपाटाशेजारी नवं, अधिक मोठं कपाट उभं करायचं. त्यात यंत्रं बसवायची, जी फायबरमधला प्रकाश उतरवून घेतील आणि तांब्याच्या तारेवर विजेच्या संकेतात पुढे पाठवतील. नवं आणि जुनं कपाट जमिनीखालून एकमेकांना जोडायचं. मग तांब्याचं अंतर उरतं काहीशे मीटर, आणि तेवढ्या अंतरात सतरा मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत टिकतात. आधीच्या तंत्रात ही मर्यादा सव्वादोनच्या आसपास होती. लंडनच्या मझवेल हिलमध्ये आणि कार्डिफच्या व्हिटचर्चमध्ये २००९ साली याचे पहिले प्रयोग झाले. सुरुवातीला कमाल वेग ४० मेगाबिट होता, २०१२मध्ये तो ८० झाला. अर्थात हा आकडाही कपाटाच्या शेजाऱ्यांसाठीच. किलोमीटरभर लांब असलेल्याच्या हाती त्याचा तिसरा हिस्सा लागला तरी पुष्कळ. शिवाय एकाच केबलमध्ये शेजारच्या तारा एकमेकींत कुजबुजतात, त्यामुळे गल्लीतली गिऱ्हाईकं वाढली की पहिल्या गिऱ्हाइकाचा वेग थोडा उतरतो.

शहरात धंदा होता म्हणून कपाटं आपोआप आली. आमच्यासारख्या गावांसाठी सरकारला खिशात हात घालावा लागला. २०१० साली ब्रॉडबँड डिलिव्हरी यूके हा विभाग निघाला, ५३ कोटी पौंड ठेवले गेले, कौन्सिलांनी आपली भर घातली. आधी नव्वद टक्के आणि मग २०१७ अखेरपर्यंत पंच्याण्णव टक्के घरांना किमान २४ मेगाबिट, असं उद्दिष्ट होतं आणि ते गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. माझ्या काउंटरवरची पत्रकं याच योजनेची. त्यांत महिना नसायचा. असायचे ते ऋतू: "वसंतात अपेक्षित", "हिवाळ्यात अपेक्षित". कुठल्या वर्षीचा वसंत, ते वाचकाने ओळखायचं.

आमच्या गल्लीत आधी फुटपाथवर काँक्रीटचा चौथरा आला. पुष्कळ दिवसांनी त्यावर कपाट आलं. लोकांना वाटलं, झालं! मग ते नुसतंच उभं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, कान लावून बघा, आतले पंखे घुमताहेत का? नव्हते घुमत. जुन्या कपाटाला वीज लागत नाही, त्यात नुसत्या तारांच्या गाठी असतात. नव्यात यंत्रं आहेत, ती थंड ठेवायला पंखे आहेत, वीज गेली तर आधाराला बॅटऱ्या आहेत. त्याला घरासारखी विजेची जोडणी लागते. ती देणारी कंपनी वेगळी, तिचं वेळापत्रक वेगळं. रस्ता खोदायची परवानगी आणखी तिसरीकडून. जमिनीखालचा जुना नळ मातीने किंवा मुळांनी बुजलेला निघाला तर आणखी एक खड्डा, आणखी एक परवानगी. या सगळ्यांत खरी अडचण कुठली ते पाटी लावून सांगितलं असतं, तर गावाने निम्म्या शिव्या दिल्या नसत्या असं माझं मत आहे. माणूस उशीर सोसतो. कारण न सांगता केलेला उशीर सोसत नाही.

काही ठिकाणी तर कपाटच नको म्हणणारेही होते. लंडनच्या श्रीमंत केन्सिंग्टन अँड चेल्सी भागातल्या कौन्सिलने २०१२ साली कपाटांचे बहुतेक अर्ज फेटाळले. ऐतिहासिक रस्त्यांची शोभा जाते म्हणून. कपाटं बसवणाऱ्या कंपनीने तिथलं काम थांबवलं. पुढच्या वर्षी संसदेने कायदा बदलून असे नियम पाच वर्षांसाठी सैल केले. लँकेशरच्या शेतकऱ्यांनी वेगळाच मार्ग धरला. २०११मध्ये त्यांनी 'बी-फॉर-आर-एन' नावाची सहकारी वळणाची संस्था काढली, स्वतःच्या शेतांतून स्वतः चर खणले आणि घराघरात अस्सल फायबर नेलं, सेकंदाला हजार मेगाबिटचं. कपाटाची वाट पाहणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून फार जळायला व्हायचं.

वाचनालयात सगळ्यांत चिडलेली होती माझी सहकारी. तिचं घर टेलिफोन एक्स्चेंजच्या समोर. तिला वाटायचं, आपल्याला सगळ्यांत आधी मिळणार. मिळालं सगळ्यांत शेवटी. कारण एक्स्चेंजलगतच्या घरांच्या तारा कपाटात जातच नाहीत, थेट एक्स्चेंजमध्ये शिरतात. सुधारणा होती कपाटाची. ज्याला कपाटच नाही त्याचं काय सुधारणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुढे अशा घरांसाठी एक्स्चेंजच्या दाराशीच नवं कपाट रोवून तारा त्यात वळवाव्या लागल्या. दुसरा घोळ पिनकोडचा. इथला पोस्टकोड पंधरा-वीस घरांपुरता असतो, पण एकाच पोस्टकोडमधली घरं दोन वेगळ्या कपाटांवर असू शकतात. समोरच्या घरात ७० मेगाबिट, आपल्याकडे दोन, आणि पोस्टकोड टाकला की दोघांनाही उत्तर येतं, "उपलब्ध आहे!"

अखेर पंखे घुमू लागले. मी लगेच अर्ज केला. उत्तर आलं, कपाट भरलं आहे. मोठ्यात मोठ्या साध्या कपाटात २८८ जोडण्या बसत, आमचं त्याहून लहान होतं आणि जुन्या कपाटावर घरं कितीतरी जास्त. ज्यांनी पहाटे उठून अर्ज भरले त्यांची सोय झाली, बाकीचे प्रतीक्षा यादीत. प्रतीक्षा यादी हे आमच्या घराला नवं नव्हतं. वाईला वडिलांनी फोनसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि फोन आला तेव्हा मॅट्रिकच्या जवळ. पण तेव्हा निदान आपला नंबर कितवा हे पोस्टात जाऊन विचारता यायचं. इथे तेही नाही. वाढीव यंत्रं बसली, माझा नंबर लागला आणि वेग तीसच्या थोडा वर गेला. आई अखंड दिसू लागली. तिची पहिली प्रतिक्रिया होती, "किती वाळलीस गं!"

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली, आजही खटकते. या सेवेची जाहिरात सर्रास 'फायबर' म्हणून झाली. माझ्या घरात फायबरचा एक तंतू आला नव्हता. खांबापासून भिंतीपर्यंत तीच जुनी तांब्याची तार. घरापर्यंत फायबर नेणाऱ्या एका कंपनीने हे प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात नेलं, पण २०१९ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला: अर्धवट फायबरलाही फायबर म्हणायला हरकत नाही, हा जाहिरात-नियामकांचा निर्णय कायम राहिला. ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२४पासून मात्र कंपन्यांना बजावलं आहे की तंत्र कोणतं ते विक्रीआधी एका-दोन शब्दांत स्पष्ट सांगा. नुसतं 'फायबर' म्हणायचं तर ते घरात शिरलेलं हवं. दशकभर उशिरा आलेलं शहाणपण. कपाटाचा मार्ग मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. दारोदार न खणता थोड्या वर्षांत कोट्यवधी घरांचा वेग कितीतरी पट वाढला, हे स्वस्तात झालं. पण अर्ध्या कामाला पुऱ्याचं नाव दिल्याने पुरं काम मागण्याची घाई कुणाला राहिली नाही.

त्याच काळात वाईला काय झालं? केबलवाल्याचा पोरगा गच्चीवरून गच्चीवर बारीक काळी तार टाकत आला आणि भावाच्या बैठकीच्या खोलीत खरंखुरं फायबर उतरलं. परवानगी कुणाची, कुणास ठाऊक. पावसाळ्यात ती तार तुटते, कधी माकडं ओढतात. फोन केला की तो पोरगा स्कूटरवरून येऊन जोडून जातो. माझ्या घरी फायबर आलं ते भावाच्या बऱ्याच नंतर, त्याच जुन्या खांबावरून.

आता इथे तांब्याचा जमानाच आटोपत आला आहे. जुनं टेलिफोनचं जाळं डिसेंबर २०२५मध्ये बंद व्हायचं होतं, ते जानेवारी २०२७पर्यंत पुढे गेलं. उशिराचं मोठं कारण म्हातारी माणसं. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची, घरात अंधार झाला तरी तो वाजायचा. गळ्यातलं बटण दाबून मदत बोलावण्याची सोय अनेक वृद्धांकडे त्याच तारेवर आहे, आणि नव्या जोडणीवर गेल्यावर काहींचं बटण चाललंच नाही. मग २०२३ अखेर कंपन्यांना असे सक्तीचे बदल थांबवावे लागले. रिकाम्या होऊ घातलेल्या कपाटांचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडमध्ये हॅडिंग्टन इथे २०२४ साली एका कपाटाला विजेच्या गाड्या चार्ज करायचं यंत्र जोडून पाहिलं. ती कल्पना पुढे सोडून दिली.

तुमच्या इमारतीत उद्या कुणी 'फायबर' विकायला आला तर किंमत विचारण्याआधी विचारा, तो तंतू माझ्या घरात येणार की जिन्यातल्या पेटीशी थांबून पुढे साधी लॅनची तार? आणि फक्त खाली उतरवण्याचा वेग विचारू नका, वर पाठवण्याचाही विचारा. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तुमचा चेहरा त्यावरच दिसतो. तुमचं कुणी इंग्लंडमध्ये राहत असेल तर त्यांना सांगा, पोस्टकोडवर विसंबू नका, पूर्ण पत्ता टाकून तपासा. आणि घरात गळ्यात बटण घातलेलं कुणी वडीलधारं असेल, तर जोडणी बदलण्याआधी ते कंपनीला आवर्जून कळवा.